सतरा नंबरची माधुरी

विलेपार्ले (पूर्व)
शनिवार, ११ जानेवारी २०२५

चि. सई हिस उत्तराआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मोतीबिंदू काढल्यापासून मला सगळं लख्ख दिसतं, त्यामुळे तुझं अक्षर किती गचाळ आहे तेही आत्ताच कळलं. या बायकांबद्दल फोनवर काही बोलायचं नाही हा तुमच्या दिल्लीच्या संस्थेचाच नियम, तेव्हा लिहिणं आलं. तुझे बाबा म्हणतात, ताई रिटायर झाली तरी हातातला शिक्का काही सुटत नाही. बाळ माझा धाकटा भाऊ आहे म्हणून सोडून दिलं.

तर अंधेरीची खोली सुरू झाली. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आपण. शुक्रवारी दुपारी दोन ते पाच मी बसते. शरीर विकून पोट भरणाऱ्या बाया येतात, मी फॉर्म भरते, कार्ड देते. कार्ड दाखवलं की आपल्या डॉक्टरीणबाई फुकट तपासतात. खरं नाव विचारायचं नाही आणि फोटोत अर्ध्या तोंडावर ओढणी चालेल, हे तुमचे नियम मी पाळते.

तू विचारलंस की या धंद्याला रीतसर परवाना दिला, नोंदणी केली, तर मधल्या दलालांची लूट थांबेल का. अगं, चौतीस वर्षं मी दुकानांना गुमास्ता लायसन्स दिली. ज्याचा कागद भिंतीवर लागतो त्याला कोणी उठसूट दाबू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. परवान्याचा विचार करणाऱ्या समितीपुढे माझं निवेदन 'हो' म्हणूनच लिही. फॉर्ममध्ये फक्त एक रकाना मी माझ्या मनाने वाढवलाय, 'जबाबदार व्यक्ती'. गुमास्त्याच्या फॉर्मात असतो, त्याशिवाय मला फॉर्म उघडा वाटतो.

काल सतरा नंबरचं कार्ड एका माधुरीला दिलं. तिशीची असेल, आवाज अगदी हळू. मला म्हणाली, पार्ल्यात अजून बिस्किटांचा वास येतो का. मी म्हटलं, कारखाना गेला, वास आमच्या नाकात राहिला. हसली. निघताना मी शुक्रवार म्हणून हळदकुंकू लावलं, तर रडायलाच लागली. तिच्या कपाळावर बरोबर मध्ये खळगा आहे, चिंचोका बसेल एवढा. टिकलीखाली दिसत नाही, बोटाला लागतो. कसला म्हणून विचारलं नाही. जाताना तिने मला विचारलं, पुढच्या वेळी ओळखाल ना. मी म्हटलं, न ओळखायला काय झालं.

स्वतःला जप, आणि आत्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी
उत्तराआत्या


नवी दिल्ली
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास सईचा शि. सा. नमस्कार.

माझं अक्षर बाबांवर गेलंय, तक्रार तिकडे कर. तुझ्या 'हो'चा मला फार आधार वाटला. आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, आज या बाईचं काम स्वतः गुन्हा नाही, पण आजूबाजूचं सगळं गुन्ह्यात येतं, म्हणून ती तक्रारीला जायला घाबरते आणि दलालच तिचा माय-बाप होऊन बसतो. परवाना दिला की त्याची गरजच संपेल. दुसरा तट म्हणतो, परवानाही तोच काढून देईल. मी अजून कुंपणावर आहे. समिती एप्रिलमध्ये बसेल.

रकान्याचं मला नीट कळलं नाही. त्यात बायका कोणाचं नाव घालतात?

लवकर लिही, वाट बघते.
तुझी
सई


विलेपार्ले (पूर्व)
शनिवार, १५ मार्च २०२५

चि. सईस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण काय लिहावं ते मलाच ठरवता येईना. म्हातारी चळली असं म्हणशील, पण आधी सगळं वाच.

फेब्रुवारीत सतरा नंबर पुन्हा आली. कार्ड तेच, ओढणी तीच, आवाज तसाच हळू. खुर्चीत बसली आणि म्हणाली, पार्ल्यात अजून बिस्किटांचा वास येतो का. मला गंमत वाटली, विसरली असेल. मी तेच उत्तर दिलं आणि ती तेवढंच हसली. मग हळदकुंकू लावलं. सई, कपाळ सपाट होतं. मी बोट पुन्हा फिरवलं, तर ती जराही हलली नाही, नुसती समोर बघत राहिली. मी विचारलं, तू माधुरीच ना? म्हणाली, मी माधुरीच, तुम्हीच नाही का मला पहिल्या वेळी कुंकू लावलंत, मी रडले होते.

घरी आल्यावर मी स्वतःचीच समजूत घातली की डोळे नवीन आहेत, अजून सरावले नाहीत. पण बोट काही नवीन नाही.

काल त्याच सतरा नंबरच्या कार्डावर तिसरी आली. ही उंच आहे, सहज दिसतं. पण खुर्चीत तशीच बसली, तोच प्रश्न, तेवढंच हसणं. फोटो तिच्या शेजारी धरला तर तोही तिचाच वाटायला लागला. मी फोटो खाली ठेवला. मी न विचारताच म्हणाली, तुम्ही म्हणालात ना, न ओळखायला काय झालं.

तू रकान्याचं विचारलंस. आजवर एकेचाळीस कार्डं झाली आणि एकेचाळीस ठिकाणी एकच नाव आहे, सुशांत. फार नम्र माणूस. बायकांना रिक्षाने आणतो, दारात चपला काढतो, माझ्यासाठी पाण्याची बाटली भरून ठेवतो. शेजारीच बसतो, अडलं तर फॉर्म भरायला मदत करतो. तो दलाल असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण दलाल असा नसतो अशी माझी समजूत.

मला भीती वाटते आहे, हे तुलाच लिहिते. बाळला कळवू नकोस.
तुझी
उत्तराआत्या


नवी दिल्ली
२४ मार्च २०२५

ती. आत्या, शि. सा. नमस्कार.

तू चळलेली नाहीस. मी आमच्या कार्यकर्त्यांकडे चौकशी केली. कार्डं त्या बायकांकडे नसतातच, सगळी सुशांतकडे आहेत. ज्या दिवशी जिला पाठवायचं तिच्या हातात एक देतो. हॉटेलवाल्यांना दाखवतो की आमच्या बायका नोंदणीकृत आहेत, जबाबदारी माझी आहे, हे बघा लिहिलंय. खोलीत काय काय बोलणं झालं ते घरी जाऊन सगळ्यांकडून पाठ करून घेतो.

रागावू नकोस, पण एक विचारते. लहानपणी मला तू सांगायचीस की दुकानात शिरलं की मालकाला आधी बाहेर उभं करायचं, मगच नोकराशी बोलायचं. इथे तू त्याला शेजारी खुर्ची कशी दिलीस?

खोली बंद करू का?

काळजीत असलेली
सई


विलेपार्ले (पूर्व)
शनिवार, ५ एप्रिल २०२५

चि. सईस आशीर्वाद.

तुझा प्रश्न जिव्हारी लागला, कारण उत्तर सोपं आहे. दुकानात मला मालक दिसायचा. इथे मला वाटलं, यांचा मालक कोणी नाही, मग बाहेर कोणाला काढायचं? शिवाय तो मला बाई बाई करायचा, त्याने मी सुखावले. लाज वाटते.

खोली एक शुक्रवार राहू दे असं तुला कळवणार होते, तेवढ्यात तो शुक्रवार उजाडला. काल मी सुशांतला जिना उतरून खाली बसायला सांगितलं. लगेच उठून गेला. मग एकोणतीस नंबर आत आली, नाव चेतना. अंगाने पार वाळलेली, केस कापलेले. म्हणाली, मी चेतना, पहिल्यांदाच आले. मी दार लावून घेतलं. तिला सांगितलं, इथे आता आपण दोघीच आहोत, काय ते बोल, घरी यायचं तर माझ्या घरी चल. म्हणाली, मी चेतना, पहिल्यांदाच आले. ज्याला ऐकवायचं तो खोलीतच बसल्यासारखी रिकाम्या खुर्चीकडे बघून सांगत होती.

मग मी कुंकवाचा करंडा उघडला. बोट टेकवलं आणि खळगा लागला.

सई, तिने माझं बोट तिथेच धरून ठेवलं. दोन्ही हातांनी, घट्ट. तोंडाने तेच चाललं होतं, मी चेतना, पहिल्यांदाच आले, मी चेतना. डोळ्यांतून पाणी नाही, काही नाही. खालून सुशांतने एकदाच हाक मारली, मोठ्यानेही नाही. तिने बोट सोडलं आणि उठून गेली. मी जिन्यापर्यंत धावले, पण गुडघे कुठले साथ देतात. रिक्षा निघून गेली होती.

जानेवारीत तिने मला ओळखाल ना असं विचारलं होतं आणि मी थट्टेवारी नेलं.

आता खोली बंद कर, आणि सगळी कार्डं परत मागव.
उत्तराआत्या


विलेपार्ले (पूर्व)
रविवार, १३ एप्रिल २०२५

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा सुशांत स्वतः कार्डं घेऊन घरी आला. पत्ता मी कधी दिला नव्हता. चपला दाराबाहेर काढल्या. एकेचाळीस कार्डं, रबर लावून, क्रमाने. म्हणाला, खोली बंद झाली त्याचं वाईट वाटलं, पण तुमची पद्धत फार चांगली होती, आम्ही आमची छापून घेतली. आणि एक नमुना माझ्या हातात ठेवला. जाड प्लास्टिकमधला, आपल्यापेक्षा सुबक. माझे सगळे रकाने आहेत, खाली माझी सहीसुद्धा छापली आहे. खोटी म्हणावी तर वळण अगदी माझंच. पाणी प्यायला आणि नमस्कार करून गेला.

तो गेल्यावर मी कार्डं मोजली नाहीत, सतरा नंबर शोधलं. त्यावरचा फोटो नखाने खरवडून काढलेला आहे आणि तिथे कुंकवाचं बोट उमटवलंय. मी माझं बोट त्यावर ठेवून पाहिलं. तिचं बारीक आहे. माझ्या बोटालाही थोडं कुंकू लागलं, म्हणजे जुनं नाही. त्याच्या हाताखालून, त्याला न कळता तिने केलं असणार. मी तिला ओळखते ती चेहऱ्याने नाही, कुंकू लावताना बोटाने, हे तिला माहीत आहे.

समितीपुढचं माझं 'हो' काढून टाक. 'नाही'ही लिहू नकोस, कारण परवाना नसतानाही ती त्याच्याच हातात होती. एवढंच लिही की कागद बाईच्या हातात राहणार असेल आणि ती एकटी बोलू शकणार असेल, तरच तो तिचा. नाहीतर त्याला गळ्यातला पट्टा म्हणावं. मी चौतीस वर्षं कागद कोणाच्या भिंतीवर आहे ते पाहिलं, भिंत कोणाची ते पाहिलं नाही.

उद्या सकाळी दहा वाजता मी आणि बाळ पोलीस चौकीत जातो आहोत. त्याला सगळं सांगितलं. आधी खूप ओरडला, मग इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. छापील कार्डांवर माझी सही आहे, तेव्हा पहिली विचारपूस माझीच होईल. होऊ दे. त्यांनी विचारलं, बाईचं खरं नाव काय, तर मला सांगता येणार नाही. दिसते कशी, तेही आता छातीठोकपणे सांगवत नाही. फक्त माझ्यापुढे बायका उभ्या करा म्हणेन, डोळे मिटूनही ओळखेन.

सोबत सतरा नंबरची झेरॉक्स पाठवते, अस्सल माझ्याकडेच राहील. त्यात एक दुरुस्ती केली आहे, ती समितीला दाखव. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यातलं सुशांतचं नाव खोडून तिथे मी माझं लिहिलं आहे, पत्त्यासकट.

मला आशीर्वाद देण्याएवढी तू मोठी नाहीस, तरी या खेपेला दे.
तुझी
उत्तराआत्या