हॅना कोणाची लेक?

५ नोव्हेंबर २०२४

नवीन काम आलं! नागपूरच्या ऑफिसनं पाठवलं. अमेरिकेतल्या एलनबाई, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना घराण्याची वंशावळ हवी. व्हर्जिनियातली दोनशे वर्षांपूर्वीची मृत्युपत्रं आणि जनगणनेची पानं मी वाचायची, नाती जुळवायची. बसायचं मात्र गावी सिहोऱ्यात, घराच्या दाराशी, जिथे रेंज येते तिथे!

हे धान कापायला निघता निघता म्हणाले — "अमेरिकेची पटवारीण झाली का तू आता?"

८ नोव्हेंबर

अक्षर आहे की मुंग्यांची रांग! एस लिहिलाय की एफ, कळतच नाही. ‘सन’ म्हणजे मुलगा — त्याला मी सकाळभर ‘फन’ वाचत बसले.

१२ नोव्हेंबर

चढत चढत एलनबाईंच्या खापरपणजोबांच्याही वर पोचले — सॅम्युअल! त्याच्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यानेच लिहिलंय: आई हॅना, जोसेफ प्रॉक्टरच्या घरची.

बाई व्हिडिओवर खुशीत होत्या. "हॅना जोसेफची लेक. मोठा जमीनदार होता तो! नाताळात सगळे जमतील, तेव्हा मी वाचून दाखवणार."

पण जनगणनेत हॅना कुठे शोधू? तेव्हा फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहायचे. बाकी सगळे नुसते आकडे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे बाया मोजल्या, पन नाव नाही इचारलं?"

१३ नोव्हेंबर

लाईनच नाही. शेतावर, बांधीत जाऊन धानाचे भारे बांधले. कंबर गेली!

१६ नोव्हेंबर

जोसेफचं मृत्युपत्र सापडलं! पिसांची गादी, तांब्याची किटली, लाल गाय — कोणाला काय, सगळं लिहिलंय. मी मोठ्यानं मराठीत सांगत होते, सासूबाई हसत होत्या. "गादीपन लिहून ठेवली? लेकरायचा भरवसा नसन त्याले!"

मुली तीन. मेरी, अ‍ॅन, लिडिया. हॅना नाही.

मग खाली, मुलगा टॉमसच्या वाट्यात — काळी घोडी, बैलजोडी, आणि हॅना नावाची मुलगी.

परत वाचलं. तेच.

हसणं थांबलं आमचं. लेक नव्हती ती. गुलाम होती.

१८ नोव्हेंबर

वाटलं, दुसरीच कोणी हॅना असेल. असूच दे! पण टॉमसचंही मृत्युपत्र निघालं. ‘बापाकडून मिळालेली हॅना आणि तिचा मुलगा सॅम्युअल यांना मी मुक्त करतो.’ सॅम्युअलचा बाप कोण, ते टॉमसने लिहिलेलं नाही.

२० नोव्हेंबर

सांगू की नको? बाईंच्या डोक्यात तर जमीनदाराची लाडकी लेक आहे — रेशमी झगा घातलेली. "जोसेफच्या मुलींत हॅना दिसत नाही" एवढंच कळवून मोकळं होता येईल. ते खोटंही नाही.

जेवताना यांना विचारलं. म्हणाले, "म्हातारीचा नाताळ काहून खराब करून राहिली? सोड ना."

सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "त्याईनं पोरीले घोडीच्या बाजूले लिहिलं. आता आपन तिले खोट्या बापाच्या घरी नोको पाठवू, बाई."

हे ताट उचलून गेले.

दोन्ही मृत्युपत्रं पाठवली. सोबत साध्या शब्दांत लिहिलं, काय सापडलं ते. 

२३ नोव्हेंबर

उत्तर नाही.

२६ नोव्हेंबर

धान चुरून झालं, मळणी संपली. अंगभर कोंडा, खाज खाज! मधूनमधून ओढणीला हात पुसून फोन बघते. काहीच नाही. म्हातारं माणूस, धक्का तर नाही बसला? हे पण दोनदा विचारून गेले — "आला का मेल तिचा?" वरून म्हणतात, मले काय करायचं हाय!

२८ नोव्हेंबर

एलनबाईंचा मेल. एकच ओळ — ‘आमच्या हॅनाच्या आईचं नाव सापडेल का?’