खडूचा माग

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता वयानं मीच तुमच्यापेक्षा मोठी आहे. तेव्हा या पत्रात थोडं वडीलकीनं बोलले तर चालवून घ्या. लिहितेय ती माझी नात, लेकाची पोरगी. कराडला इंजिनिअरिंग शिकते, सुट्टीला इस्लामपूरला आलीय. मी बोलते आणि ती लिहिते. माझं 'हाय' ती 'आहे' करते आणि वर सांगते, "आज्जी, बरं दिसतं." दिसू दे बापडं. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं? सांगणारी अडाणी, ऐकणारा अडाणी, आणि मधल्या मधे शिकलेली पोर राबतेय.

बोलायचंय ते तुमच्या खडूच्या मागाबद्दल. माधवनगरच्या आपल्या खोलीत, चुलीपासून दोन हातांवर, तुम्ही फरशीवर पांढऱ्या खडूनं अख्खा माग काढला होता. इथं उभे धागे ओवायची फणी, इथं धोट्याची वाट, डाव्या हाताला माग चालू-बंद करायचं हँडल. (धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडं पळणारं टोकदार लाकूड. हे मी नातीला सांगते, तुम्हाला नव्हे.) केर काढताना आई त्या रेघांवरून झाडू मारायची आणि संध्याकाळी कारखान्यातनं आलात की तुम्ही पुन्हा रेघा ओढायचात, चहाच्या आधी. मग मी त्या रेघांपुढं उभी राहायची आणि हवेत हात चालवायची. मी तेव्हा परकरात. तुम्ही भाकरी मोडत असा, नाहीतर पायाला तेल लावत असा, मधेच ओरडायचात, "तुटला!" की मी हँडल बंद करायचं, धागा शोधायचा, गाठ मारायची, हँडल चालू करायचं. सगळं हवेत. शेजारच्या पोरी दारात उभ्या राहून खिदळायच्या. त्या मला काय म्हणायच्या ते नात लिहिणार नाही, म्हणून सोडून देते.

एक दिवस मीच हसले. तुम्ही "तुटला" म्हणालात आणि मी हँडलबिंडल काही न बघता सरळ हात पुढं घातला.

"कुठं तुटलाय आबा? हितं तर कायबी न्हाई."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई व्हय गं?" तुम्ही ताट सरकवून उठलात आणि माझ्या मनगटावर असा फटका दिलात की बांगडी फुटली. "चालत्या मागात हात घातलास तू. आदी हँडल, मग धागा. आत्तीकडं बघ आन मग हस."

आत्ती, तुमची बहीण, कोपऱ्यात ज्वारी निवडत होती. धोटा उडून तिचा उजवा डोळा गेलेला. ती मान वर न करता म्हणाली, "मला कशापायी मधी घेतोस दादा? मला एकाच डोळ्यानं दिसतंय, पोरगी उपाशी हाय ते."

तेव्हा सगळे हसले, तुम्ही सोडून. तुम्ही फुटलेल्या बांगडीचे तुकडे वेचत होता. त्या वर्षी दिवाळीपर्यंत तुम्ही मला खऱ्या मागाजवळ फिरकू दिलं नाही. आणि फिरकू दिलंत तेव्हा काय नवल, मला ती जागा ओळखीची होती. आवाजानं कान बसले एवढंच. लग्नात तुम्ही माझ्या पेटीत एक झिजलेला धोटा टाकलात. सासरी बायकांनी तो हातात घेऊन विचारलं, "माहेरानं ह्ये काय दिलं, लाकूड?" मी लाजेनं मेले. पुढं आमचे मालक आजारी पडले आणि घरचे दोन माग माझ्या अंगावर आले. चांगली तीस वर्षं चालवले. आज दोन्ही डोळे जागच्या जागी आहेत आणि बोटं मोजली तर दहा भरतात. पण तुमच्याजवळ कधी बोलले नाही. तुम्ही होता तोवर मनात ती फुटकी बांगडीच होती.

तर ही नात. हिनं आणि हिच्या मैत्रिणींनी मिळून कॉलेजात एक यंत्र केलं. स्कूटरचं हेल्मेट घेतलं, आत डोळ्यांपुढं दोन इवलेसे टीव्ही बसवले, हातात वायरींचा मोजा, आणि सगळ्याची शेपटी नेऊन कॉम्प्युटरला जोडली. ते डोक्यात घातलं की माणूस म्हणे दुसरीकडंच असतो. मान वळवली की तिकडचं दिसतं, हात हलवला की आतला हात हलतो. आत काय दाखवायचं, तर माझ्या गोष्टी ऐकून हिनं माग काढला, मधेमधे धागा तुटणारा. पण हिच्या सरांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, हा पोरांचा खेळ झाला, याचा उपयोग काय? मागावर हयात गेलेल्या माणसानं हे घालून बघू दे, मग ठरवू, नाहीतर प्रोजेक्ट नापास आणि वर्ष गेलं. पोर शनिवारी घरी आली ती डोळे सुजवून.

"आज्जी, तू यायचंस."

"मी? आगं, मला एस.टी.ची पाटी वाचता येत न्हाई."

"माग वाचता येतो ना?"

गेले. चांगलं नऊवारी नेसून, कराडच्या त्या मोठ्या कॉलेजात. पोरी म्हणाल्या, पदर काढा डोक्यावरनं. म्हटलं, पदर काय निघायचा न्हाई, त्याच्यावरनंच घाला काय ते. पोरींनी तसंच हेल्मेट चढवलं. सर हाताची घडी घालून समोर उभे, नात माझ्या मागं, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणि आबा, मी माग चालवला. त्यांच्यापुढं, रिकाम्या खोलीत, मोकळ्या हातांनी, जसा चुलीपुढं चालवत होते तसा.

थोड्या वेळानं सर म्हणाले, "आजी, धागा तुटला की तुमचा डावा हात दर वेळी कुठं जातोय? तिथं तर काही काढलेलं नाही."

"मग काढा की!" मी म्हटलं. "माग बंद नको करायला? चालत्या मागात हात घालू व्हय, डोळा फोडून घ्यायला?"

पोरी हँडल काढायलाच विसरल्या होत्या! सर खुर्ची ओढून बसले. मग नातीला म्हणाले, "ही चूक खऱ्या मागावर कळली असती तर कुणाचा तरी हात गेला असता. इथं कळली तर नुसतं चित्र बदलायचं. हा उपयोग. लिहा हे पहिल्या पानावर." पोर पास झाली आबा, आणि वर मला कँटीनचा चहा मिळाला. गोडमिट्ट.

त्या चहावर तिनं मला सांगितलं, की विमान चालवणारे असंच खोट्या विमानात बसून शिकतात, शंभरदा पडतात आणि घरी जाऊन जेवतात. डॉक्टर पुढं यातच कापाकापी शिकतील. उंचीला भिणाऱ्याला खोलीतल्या खोलीत उंच पुलावर उभं करतात, भीती जाईस्तोवर. आणखी एक प्रकार आहे म्हणे. त्यात खरी वस्तू दिसत राहते आणि चष्म्यातनं तिच्यावर रेघा उमटतात, हात कुठं लावायचा ते दाखवणाऱ्या. मी म्हटलं, ह्ये आमच्या आबांच्या फरशीवर होतं. ती हसली, मग हसायची थांबली, आणि तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी तिला एकच सांगितलं, तुझ्या यंत्रात 'तुटला' म्हणून हाक मारणारं कुणी नाही. मग तिनं हँडल काढलं आणि माझाच आवाज टेपवर भरून आत घातला. तिची एक मैत्रीण पुण्याची, जन्मात माग न बघितलेली. आठ दिवस ते हेल्मेट घालून तिनं हात चालवले. मग आम्ही तिला माधवनगरला एका शेडात नेलं. खडखडाटात पोर आधी बावरली. धागा तुटला, मी ओरडले, आणि तिचा डावा हात आधी हँडलवर गेला! शेडवाला म्हणतो, "कुणाकडं शिकलीस गं?" तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी कुणाकडं दाखवणार? वर बघितलं तर पत्रा.

आता पोरी, हे शेवटचं लिही आणि मधे बोलू नकोस. आबा, त्या दिवशी हेल्मेटात मला काहीच बघवलं नव्हतं. हिरव्या रेघा हलत होत्या आणि एस.टी.च्या मागच्या बाकावर बसल्यागत मळमळायला लागलं. पदरावर ओकले असते आणि पोरीचं वर्ष गेलं असतं, म्हणून मी डोळे मिटले. सगळा वेळ मिटलेलेच होते. त्या पुण्याच्या पोरीला यंत्राचा उपयोग झाला तो खरा, ज्यांच्या घरी आबा नव्हते त्यांनी काय करायचं? पण मी चालवला तो तुमचाच माग.

पेन थांबलंय. पोरगी माझ्याकडं बघतेय. विचारते, "मग आज्जी, धागा तुटला ते तुला कळलं कसं? आवाज तर तेव्हा घातलाच नव्हता."

तिला म्हटलं, कागदाची घडी घाल आणि त्या धोट्याच्या पोटात ठेव. टपालात टाकायचं काम नाही. ज्यांनी हाक मारली, त्यांना ठाऊक आहे.