खाणीमागची वाळू

प्रिय शेरलीन,

हे चौथं पत्र. आधीची तिन्ही मी फाडली.

तुझ्या टेगनच्या रक्तात शिसं निघालं, तेव्हा तू नवऱ्यावर, डॅरिलवर ओरडलीस, "खाणीतले कपडे घरात आणतोस, पोरीला मारशील!" आणि तिला घेऊन निघून गेलीस. मी गप्प बसलो.

अगं, तिच्या खेळायच्या खड्ड्यातली मऊ वाळू मीच खाणीमागच्या, शिसं काढून उरलेल्या चुऱ्याच्या ढिगाऱ्यावरून आणली होती. आपल्या वस्तीत सगळेच आणायचे. माझ्या बापानेही माझ्यासाठी आणली होती.

डॅरिल आता कामावरून आला की अंगणातच कपडे उतरवतो आणि नळाखाली कुडकुडत अंग घासतो. काल म्हणाला, "बाबा, आता तरी येईल ना हो ती?"

मी म्हणालो, "अजून नीट घास."

तुझा भेकड
बाप