डाव्या दाढा सीलबंद, उजव्या बाकी

श्रीरामपूर,
रविवार, ११ मार्च १९७३

सौ. साळूबाई विहीणबाईंना आक्काबाईचा नमस्कार, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवणाऱ्या श्रीमंतराव व्याह्यांनाही.

तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता की देवळीत ठेवून त्यालाच हात जोडता? विहिरीने तळ गाठला असं कळलं. टँकर वेळेवर येतो का? इकडे सगळी खुशाल आहेत. जावई कानिफनाथराव कारखान्यातून वेळेवर घरी येतात, तुमची सून (एरवी ती माझी मुलगी, पण तिच्या हातची भाजी खारट झाली की तुमची सून) बरी आहे, आणि आपली छबू जेवते, खेळते, भांडते. तिचं तोंड उघडतं आणि मिटतंही. हे मुद्दाम लिहिते आहे.

(श्रीमंतराव, एक विनंती. तीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे मला ठाऊक आहे की दुसऱ्याला पत्र वाचून दाखवणारा माणूस कंसातला मजकूर हळूच गाळतो. तो गाळू नये. माझं खरं म्हणणं बहुतेक कंसातच असतं.)

परवा तुमचं कार्ड मिळालं. कार्ड कसलं, वॉरंटच ते. ‘नातीच्या दाढांना सील ठोकून तिला भर बाजारात उन्हात तोंड वासून बसवल्याचे समजले. आपण शिकलेल्या असून हे कसे होऊ दिले? उजव्या बाजूस कोणीही हात लावू नये.’ विहीणबाई, डॉक्टर मुलगा तुमचा, दिवा अमेरिकेचा, बाजार नगरपालिकेचा, आणि दोष तेवढा माझा. तेव्हा झालं ते क्रमाने लिहिते. ऐकताना मधे उठू नका, गुडघ्यालाही बरं पडेल.

तुमचे धाकटे चिरंजीव गोरक्ष अमेरिकेहून दातांचं शिकून आले आणि दिवाळीनंतर त्यांनी इथे बाजाररस्त्यावर दवाखाना थाटला (तुमच्या जामखेडात का नाही, हे तुम्ही त्याला विचारा, मला त्याने सांगितलं की तिकडे दात दुखला तर लोक लवंग धरतात आणि लवंग संपली तर धीर धरतात). खुर्ची आली, पाटी आली, पेशंट येईनात. एके दिवशी तो घरी जेवायला आला आणि छबूला म्हणाला, आ कर. छबूने आ केलं. सहा वर्षं पुरी झाली की मागे चार पक्क्या दाढा येतात, त्या तिला आल्या आहेत, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यांच्या माथ्यावर बारीक खाचा असतात, ब्रशचा केस आत जात नाही पण गूळ बरोबर जातो, आणि कीड तिथूनच लागते. तर त्या खाचांत एक पातळ औषध भरायचं, त्यावर एका दिव्याचे किरण सोडायचे, की ते काचेसारखं घट्ट होतं. टोचणं नाही, कोरणं नाही. ‘मावशी,’ तो मला म्हणाला, ‘दाढ सील करून टाकायची.’

सील हा शब्द त्याने माझ्यासमोर काढला तिथेच त्याची चूक झाली. जन्मभर मी दुसरं काय केलं? टपालाची थैली, तिच्या गळ्याला सुतळी, सुतळीच्या गाठीवर वितळलेली लाख आणि लाखेवर पितळी शिक्का. सीलचं भलंबुरं मला त्या पोराने सांगावं? मी त्याला शेवगावची गोष्ट सांगितली. तिथे असताना एका ऑफिसातून (नाव लिहीत नाही, तिथल्या मास्तरांची सून माझ्या ओळखीची आहे) एक थैली आली. सील असं सुरेख की फ्रेम करून लावावं. फोडलं तर आतून उंदीर बाहेर. सील करणाऱ्याने आत न बघताच लाख ओतली होती. उंदराने वाटेत लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा खाल्ला होता, प्रत्येक पत्रिकेवर नवरी शाबूत आणि नवरदेव गायब. म्हणून मी गोरक्षला विचारलं, दाढेत आधीच उंदीर असला तर तुझं सील काय करणार?

बिचाऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, अगदी हाच प्रश्न अमेरिकेतल्या प्रोफेसरांनी विचारला होता. (श्रीमंतराव, हे वाक्य दोनदा वाचा.)

मग मी त्याची तासभर उलटतपासणी घेतली. सील किती दिवस टिकतं? दोन वर्षं, कदाचित जास्त, तिकडे अजून मोजताहेत. म्हणजे तिकडेही कुणाला ठाऊक नाही. निघालं तर? परत लावायचं, दाढेचं काही बिघडत नाही. दोन दातांच्या मधे कीड लागली तर? तिथे या औषधाचा उपयोग नाही, तिथे ब्रशच. आणि मुलांना वाटलं की आता सील आहे, खा हवं तेवढं गोड? त्यावर तो हसून म्हणाला, मुलांना नाही वाटत, आज्यांना वाटतं. (हे तुमच्यासाठी होतं, विहीणबाई. तुमची गुडदाणी सगळ्या घरात प्रसिद्ध आहे.) पण एक गोष्ट मला पटली. लागलेली कीड कोरून काढणं म्हणजे चोरी झाल्यावर पंचनामा करणं, आणि हे म्हणजे आधी कडी लावणं. तिच्या वयात मला कुणी अशी कडी लावली असती तर मी आज पापड चहात बुडवून खाल्ला नसता. मी होकार दिला, अट एकच: आधी उंदीर शोध, मग लाख ओत.

डाव्या दोन दाढा स्वच्छ निघाल्या. गालात कापूस कोंबला, दाढा कोरड्या केल्या, औषध लावलं, दिवा जवळ आणला आणि वीज गेली. हल्ली ती जातेच, धरणात पाणी नाही तर तारेत वीज कुठून येणार. औषधाची बाटली अत्तराच्या कुपीएवढी, तीही अमेरिकेहून आणलेली, लावलेलं पुसून टाकायचा गोरक्षला धीर होईना. छबूने जीभ लावली की सगळं वाया. पोर आ करून बसलेली, तुमचा मुलगा घामाघूम. मी विचारलं, हा दिवा देतो तरी काय? म्हणाला, उन्हात असतात तसलेच किरण. मग ऊन मेलं आहे का, मी म्हटलं. मार्चातलं श्रीरामपूरचं ऊन, फुकट, बाहेर पसरलेलं.

हो, खुर्ची बाहेर नेली. हो, बाजाराचा दिवस होता. हो, कल्पना माझी होती. छबूचं तोंड सूर्याकडे केलं, पण दाढा पडल्या मागे, तिथवर ऊन पोचेना, म्हणून मी पिशवीतला आरसा काढून कवडसा पाडला. पहिला पडला तिच्या नाकावर, दुसरा समोरच्या मिरचीवाल्याच्या डोळ्यांत (त्याने मिरच्या सोडून आमच्याकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत), तिसरा बरोबर दाढेवर. पाच मिनिटांत चाळीस माणसं जमली. त्यात आमची भांडीवाली कडूबाई. ‘आक्का, पोरीला काय झालं वो?’ मी म्हटलं, दाढांना सील करतोय. ‘सील? ते रेशनच्या दुकानाला ठोकत्यात तसलं?’ मी तिला काय द्यायचं ते उत्तर दिलं आणि कवडसा सांभाळला. अर्ध्या तासाने वीज आली, गोरक्षने दिवाही दाखवला, सळईने खरवडून पाहिलं. औषध दगडासारखं. उजवीकडचं त्या दिवशी राहूनच गेलं. सूर्याने घट्ट केलं की विजेने, यावर आमचा अजून वाद आहे. तो म्हणतो, अमेरिकेत असं कुणी केलेलं नाही. मी म्हणते, त्यांच्याकडे असलं ऊन नाही.

पण त्या संध्याकाळपासून गावात एकच बोलणं: दुष्काळात धान्य पुरत नाही म्हणून सरकार पोरांच्या दाढा सील करतंय. सुरुवात डॉक्टरच्या पुतणीपासून, मग सगळी शाळा, मग मोठी माणसं. आधी रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो जोंधळा खायला घातला, आता तोही चावू देईनात. एखाद्या मोकाट जिभेने काय करावं याला काही मर्यादा असते की नाही? गोरक्षने शाळेत बासष्ट मुलांचे दात तपासायचं ठरवलं होतं. तो पिशवी घेऊन फाटकातून आत शिरला आणि मुलं मागच्या भिंतीवरून बाहेर. उरली चार. त्यातल्या तिघांना वाटलं होतं की दुष्काळी सुकडीचा खाऊ वाटणार आहेत, आणि चौथा हेडमास्तरांचा स्वतःचा, त्याला पळता आलं नाही.

आता खरी अडचण ऐका. शाळेत छबूला ‘रजिस्टर पार्सल’ म्हणून चिडवतात. ती म्हणते, अर्धं पार्सल झालं तेवढं पुरे, आणि उजव्या बाजूला कुणी आलं की ओठ असे मिटते की लाखेची गरज नाही. आणि उजव्या खालच्या दाढेच्या खाचेत गोरक्षला काळसर रेघ दिसली आहे. उंदीर नाही अजून, पण त्याची पावलं. आत्ता साफ करून बंद केली तर काम दहा मिनिटांचं. पाडव्याला तुमच्याकडून साखरेच्या गाठीची माळ येणार, छबू ती गळ्यात घालून दुपारपर्यंत दोराच शिल्लक ठेवते. त्याच्या आत हे झालं पाहिजे. तुम्ही मनाई मागे घेतली असं उलट टपाली कळवावं, एवढ्यासाठी हे पत्र. बाकी सर्व क्षेम.

तुमची विहीण,
आक्काबाई
(निवृत्त सब-पोस्टमास्तर. मागच्या पाकिटावर ‘पोस्टमास्तरीण’ लिहिलं होतंत, तसं लिहू नये.)

ता. क. मोकाट जिभेबद्दल वर लिहिलं आहे, ते खोडायला हवं, पण शाई वाळली. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं की प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं. त्या दिवशी कडूबाईने विचारलं, ‘सरकारनं ठोकलं का?’ एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने छबूची हनुवटी धरलेली, मी वैतागून म्हटलं, ‘हो बाई, दुष्काळ आहे, पोरांनी कमी खावं म्हणून सरकार सगळ्यांच्याच दाढा सील करणार आहे.’ टोमणा होता. कडूबाईला टोमणा कळत नाही, हे मला बारा वर्षांत कळायला हवं होतं.

ता. क. २. मनाई मागे घेऊन भागणार नाही. काल छबूला मी गोळ्या देऊ केल्या, बाहुली देऊ केली, शेवटी पोस्टातला पितळी शिक्का खेळायला देऊ केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ओठ न उघडता म्हणाली (कसं म्हणाली ते तिचं तिला ठाऊक), ‘जामखेडची आजी आली आणि तिने मांडीवर घेतलं तरच.’ मी समोर बसले होते. तेव्हा विहीणबाई, या. मी होऊन बोलावते आहे. बुधवारच्या एसटीने निघा, स्टँडवर मी टांगा घेऊन उभी राहीन. खुर्ची पुन्हा बाहेर काढू, छबूला तुमच्या मांडीवर बसवू, आणि झाल्यावर तिने सगळ्यांसमोर अख्खी भाकरी चावून दाखवायची. तुमच्या मुलाचा दवाखाना चालायला एवढं पुरे.

ता. क. ३. (श्रीमंतराव, हे मोठ्याने वाचू नका.) काळी रेघ गुडदाणीची नाही. माझ्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी असते, छबू रोज तिथे बसून अभ्यास करते. बरणी आता कपाटात गेली आहे. साळूबाई निघताना गुडदाणी बांधतीलच, त्यांना अडवू नका. छबूला नको, मला द्या. माझे दात रात्री वाटीत झोपतात, त्यांना उंदराचं भय नाही. फक्त बारीक कुटायला सांगा.