पहिल्या बाजूच्या शेवटी टक्

३ सप्टेंबर, मंगळवार

फसवणूक! नव्या रेकॉर्डवर एवढा मोठा सोनेरी स्टिकर — मूळ टेपवरून, निम्म्या वेगानं कटिंग, १८० ग्रॅम — आणि पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी टक्!

ही रेकॉर्ड किसनरावांनी १९७४ साली नागपूरला सीताबर्डीवर घेतली होती. आमच्या लग्नाच्या वर्षी. चार झिपऱ्या इंग्रज पोरांचा बँड. किसनरावांना त्यातलं इंग्रजी कळत नसे. पण शेवटच्या गाण्यात ढोल सुरू झाला की ते इथे बैठकीत मांडीवर ताल धरायचे. सात मिनिटं ढोल. मग एकदम शांत. मग ऑर्गनचा एकच सूर, विरत विरत जाणारा. तिथे ते डोळे मिटत.

जुनी प्रत मागच्या उन्हाळ्यात खिडकीशी राहिली आणि पापडासारखी वाकली. माझाच निष्काळजीपणा. ते गेले त्याला तीन वर्षं झाली, आता तो सूर तरी हवा म्हणून मुंबईहून नवी मागवली. आणि नेमक्या त्या सुरावर — टक्! 

दुकानदाराला मेल केला. कडक.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. तीन जुन्या विद्यार्थिनी फुलं घेऊन आल्या. एकीनं शुभेच्छापत्रात ‘टीचर’ चुकीचं लिहिलं आहे. तीस वर्षं इंग्रजी शिकवून हे फळ.

चार वाजता रेकॉर्ड. हा नेम मी मोडत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरच्या घंटेवर वाढलेली मी. चारला सुई टेकते, चार एकवीसला उठते, बाजू उलटते, चहा टाकते.

शेजारचे शेषराव कुंपणावरून म्हणाले, “मॅडम, तुमचा बाजा सुरू झाला का आमच्या घरी चहा ठेवते. घडी पाहाचं कामच नाही!” माणूस गावठी, पण कामाचा. मीटरचा फ्यूज त्यांनीच बसवून दिला. जूनमध्ये मी शेगावला दोन दिवस गेले तेव्हा घराकडे लक्ष ठेवलं, झाडांना पाणी घातलं.

आजही टक्.

१० सप्टेंबर, मंगळवार

चष्मा तांदळाच्या डब्यात!

कामाला येणाऱ्या झुंबरबाईला विचारलं. तिनं भांडं आपटलं. “अकरा वर्षं झाले मले या घरात. तुमच्या चष्म्याचं मी काय लोणचं घालू?” 

मग कोणी ठेवला, म्हटलं, मी?

“मले काय मालूम. तुमचा थो ढोल चालू असते ना, तवा मांगून हत्ती बी येऊन जाईन, तुमाले पत्ता नाही लागणार.”

जीभ फार चालते हिची. माझ्यासारखीच.

१२ सप्टेंबर, गुरुवार

बदली प्रत आली. सीलबंद. हातमोजे घालून काढली, ब्रश फिरवला. पहिली पाच गाणी निर्मळ — इतकी की गाणाऱ्यानं श्वास घेतलेला ऐकू येतो. मग ढोल, मग सूर, मग टक्.

गल्लीत गणपतीपुढे डीजे. त्याला कोणी दोष देत नाही. दोष शोधणारी मी एकटी.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दुकानदाराचं उत्तर. दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाची तक्रार नाही म्हणे. “मॅडम, कृपया कान तपासून घ्यावेत.”

कान!

१९ सप्टेंबर, गुरुवार

बुलडाण्याला जाऊन कान तपासले. एसटीत पाठ मोडली. डॉक्टर म्हणाला, “आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत.” रिपोर्ट दुकानदाराला पाठवला. ‘आजी’ म्हटल्याबद्दल डॉक्टरला माफ केलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

तुपाची बरणी फ्रिजमध्ये. पोळपाट न्हाणीघरात. झुंबरबाईला काढली.

ती ओरडली नाही. मागच्या दाराची किल्ली पदराच्या गाठीतून सोडली आणि ओट्यावर ठेवली. “चोर म्हनलं असतं तं चाललं असतं मॅडम. तुमी मले येडी समजल्या.” 

शेषराव म्हणाले, “बरं केलं. मी कवाचा म्हनणार होतो, बाईवर नजर ठेवा.”

घर फार मोठं वाटतं आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुकानदारानं सीडी पाठवली. त्याच टेपवरून केलेली, जपानी छपाई. “यात आवाज येणं शक्यच नाही, मॅडम.”

चारला लावली. चार एकवीसला टक्. सीडीवर! चरा नाही, धूळ नाही, सुईच नाही — आणि टक्!

पहिल्यांदा भीती वाटली. थोडीशी. खोडणार नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज सकाळी दहाला लावून पाहिली. टक् नाही! दोनदा लावली. नाही. रेकॉर्ड लावली, तीही स्वच्छ. सूर पूर्ण विरून जातो, मग नुसती शांतता. जुन्या प्रतीच्या खरखरीत पन्नास वर्षांत इतका शेवटपर्यंत ऐकला नव्हता. रडले.

चारला लावली — टक्.

म्हणजे व्होल्टेज! दुपारी शेताकडचे पंप सुरू होतात, लाईट खालीवर होते, अँप्लिफायरला झटका बसतो. इतकी साधी गोष्ट. उद्या बाजारातून स्टॅबिलायझर.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

स्टॅबिलायझर लावला. तरीही टक्.

बाजू उलटून चहा टाकायला गेले. काडी ओढणार — आणि वास. गॅसचं बटण पूर्ण उघडं. शेगडी बंद, गॅस चालू. काडी हातात.

खिडक्या उघडल्या. ओट्याला धरून उभी राहिले. दुपारच्या जेवणानंतर मी बटण बंद केलं होतं. केलं होतं. केलं होतं ना?

कोणाला सांगायचं नाही. अपेक्षाला तर नाहीच.

२९ सप्टेंबर, रविवार

अपेक्षाचा फोन. माझ्या भावाची मुलगी, पुण्याची. मला मूल नाही, तेव्हा माझी काळजी करण्याचा मक्ता तिच्याकडे.

“आत्या, गॅस चालू राहिला होता ना? खोटं बोलू नकोस. शेषरावकाकांचा फोन आला होता. चष्मा, तूप, सगळं सांगितलं त्यांनी.” 

दसऱ्याला ती आणि जावई गाडी घेऊन येणार. पुण्यात म्हाताऱ्यांची एक सोसायटी पाहून ठेवली आहे. नर्स असते, भजन असतं. भजन! मी म्हटलं, मी माझ्या घरात एकटी राहू शकते.

“सिद्ध कर,” ती म्हणाली. प्रेमानंच बोलत होती, तेच वाईट.

घराचं काय, मी विचारलं. “काका घ्यायला तयार आहेत. त्यांच्या मुलाला, हरिओमला, दोन्ही प्लॉट मिळून हॉस्पिटल बांधायचंय.” हे शेषरावांनी मला किसनरावांच्या तेराव्यानंतर विचारलं होतं. तेव्हाच नाही म्हटलं होतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

किसनरावांच्या तेराव्यापासूनची डायरीची सगळी पानं चाळली. माझ्या चुका मोजायला. पण चुका फक्त सप्टेंबरात आहेत. आणि एकही सकाळची नाही.

आज बँकेत उशीर झाला. चार वीसला सुई टेकवत होते तर कुंपणावरून आवाज, “मॅडम, आज बाजा उशिरा काऊन?” त्यांच्या पायांत चपला नव्हत्या.

का लिहिते आहे हे? कोणाच्या चपलांशी मला काय करायचं?

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. टक्. आज उठून लगेच बटण पाहिलं — बंद. पण किसनरावांचा फोटो भिंतीकडे तोंड करून.

मी वेडी होत असेन तर निदान नीट मराठीत होते आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सावकाश लिहिते.

चारला रेकॉर्ड लावली. चार सोळाला, ढोल ऐन भरात असताना लाईट गेली. तबकडी मंदावली, ढोल जड झाले, घोगरे झाले, थांबले. मी वीज मंडळाला एक शिवी दिली — मनात, कॉन्व्हेंटची सवय — आणि डोळे मिटून तशीच बसले.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं.

मग थांबलं. बाजा बंद पडल्याचं कळलं म्हणून थांबलं, असं वाटलं. मग अनवाणी पावलं, चार, पाच. मग —

टक्.

माझ्या घराच्या मागच्या दाराचं लॅच. अठ्ठावीस वर्षं ते दार ओढून घेते आहे मी आणि तो आवाज ओळखला नाही! जगातल्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये शोधला, दारात नाही. ढोल वाजतात तेव्हा आत यायचं. सूर लागला की निघायचं. कारण सूर संपला की मॅडम उठतात, चहा टाकतात. माझ्या नेमाची घंटा मीच वाजवत होते, तीही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

दहा मिनिटांनी उठले. गॅसचं बटण अर्धं फिरवलेलं होतं.

त्या लॅचच्या दोन किल्ल्या. एक माझी. एक झुंबरबाईनं ठेवलेली, अजून ओट्यावरच आहे. ती गेल्यानंतरच तर गॅस उघडला. आणि गॅसबद्दल मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये शेगावला जाताना किल्ली दोन दिवस शेषरावांकडे होती. परत दिली. एकच दिली होती, एकच परत दिली. मध्ये दोन दिवस होते.

संध्याकाळी झुंबरबाईच्या घरी गेले. दारातच माफी मागितली. तिनं पाट दिला. सगळं ऐकून म्हणाली, “लॉक बदलून टाका ना.” 

लॉक बदललं तर तो गोड हसेल, दसऱ्याला अपेक्षा मला गाडीत घालेल आणि वेडी मीच राहीन. म्हटलं, मला त्याचं तोंड पाहायचंय.

“हाव,” ती म्हणाली. “मले बी.”

५ ऑक्टोबर, शनिवार

चारला रेकॉर्ड लावली. आवाज नेहमीएवढाच. खुर्ची मात्र स्वयंपाकघरात, मागच्या दारासमोर. झुंबरबाई दाराआड, हातात बत्ता. फोन ओट्यावर, अपेक्षा व्हिडिओवर. तिला सांगितलंय — एक शब्द बोलायचा नाही, फक्त पाहायचं.

चार चौदा. ढोल सुरू झाला.

किल्ली फिरते आहे.