उजव्या बाजूची खुर्ची

ॲक्रन,
८ सप्टेंबर १९८७

चि. डॉर्सीस,

अ. उ. आशीर्वाद. वि. वि. मी सुखरूप पोचले. बसमधल्या शेजारणीने तू दिलेल्या सफरचंदाच्या मुरांब्याकडे इतक्या वेळा पाहिलं, की शेवटी एक बरणी तिला देऊन टाकली.

आता मुद्द्याचं. परवा चर्चच्या जेवणात तू पाद्रीबाईंना मिठी मारलीस आणि ताई, किती वाळलीस म्हणून गळा काढलास. सगळे हसले, मीही हसले. पण ताई तुझ्यापासून चार हातांवर उभी होती, आणि त्या बाई माझ्याहून वीतभर उंच आहेत. बसमध्ये बसल्यावर माझं हसू ओसरलं.

डॉर्सी, तुला नीट दिसतं ना रे? ऑक्टोबरात दर रविवारी दोनशे माणसं त्या वाफेच्या गाडीत बसून तुझ्या भरवशावर डोंगर चढतात. खरं काय ते लिही. तू थापा मारायला लागलास की मला इथवर वास येतो.

ट्वायलाला माझी आठवण सांग. माझ्यावर चिडलास तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
ऑर्फाताई

स्प्रूस गॅप,
१४ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. त्या मिठीवरून गावाने माझी पुरती हजामत केली आहे, त्यात आता तू. अगं, ऊन डोळ्यांवर आलं होतं, दुसरं काही नाही. तुला रबराच्या कारखान्याच्या धुरात राहून ऊन कसं असतं तेच आठवत नसेल.

काम जोरात आहे. आठवडाभर डिझेलवर खाणीतली चुनखडी आणि वखारीतलं लाकूड खिंड ओलांडून मोठ्या कंपनीच्या रुळापर्यंत पोचवायचं आणि रिकामे डबे घेऊन परत. वाफेच्या इंजिनाच्या नळ्या साफ करून झाल्या. ऑक्टोबरचे सगळे रविवार भरले. लोकांना पानांचे रंग बघायचे असतात. मी एकेचाळीस वर्षं फक्त रूळ बघतोय.

माझी लेक इंजिनात माझ्या डावीकडे बसते, रविवारी भट्टीत कोळसा टाकते. ट्वायलाला चालकाचा परवाना मिळून तीन वर्षं झाली, पण उजवी खुर्ची मी अजून सोडलेली नाही. तिची आई हेझल गेल्यापासून मला घर खायला उठतं, तुला माहीत आहे. त्या खुर्चीतून उठलो तर जाऊ कुठे, ते तूच सांग.

तब्येतीला जप. भावाला वेड्यात काढ, पण अंतर देऊ नकोस.

तुझा,
डॉर्सी

स्प्रूस गॅप,
१९ सप्टेंबर १९८७

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. हे पत्र वाचून झालं की जाळून टाक. आत्या, बाबांना दिसत नाही.

तू इंजिनचालकाची मुलगी, तुला आपली पद्धत ठाऊक आहे. रूळ जिथे फुटतात त्या सांध्याची खूण ज्याच्या बाजूने आधी दिसेल त्याने ओरडून सांगायचं, हिरवी की लाल. दुसऱ्याने स्वतः पाहायचं आणि मगच तेच परत म्हणायचं. डाव्या वळणावर मी ओरडते. बाबा इतक्या पटकन परत म्हणतात, की पाहायला वेळच नसतो. उजव्या वळणावर पाळी त्यांची. तिथे ते नेहमीच हिरवी म्हणतात, पाठ केल्यासारखी.

गुरुवारी वखारीजवळचा सांधा कोणीतरी बाजूच्या रुळाला लावून ठेवला होता. खूण लाल, आणि बाबा हिरवी म्हणाले. मी सहज उठून त्यांच्या खिडकीशी गेले म्हणून मला दिसली. मी किंचाळले. बाजूला उभ्या असलेल्या डब्यांपासून जेमतेम डबाभर अंतरावर आम्ही थांबलो. बाबा म्हणाले, तुझी परीक्षा घेत होतो. मी हसले, मग वखारीच्या मागे जाऊन ओकले.

ऑफिसात सांगू का? पाच वर्षांची असताना त्यांनी मला मांडीवर घेऊन शिट्टीची दोरी हातात दिली होती. त्यांची चुगली माझ्या तोंडून निघत नाही गं. आणि चार तारखेला पहिली रविवारची गाडी आहे, गप्प बसून भट्टी तरी कशी पेटवू? लवकर लिही. तुझ्याशिवाय कोणाला विचारणार?

तुझी,
ट्वायला

ॲक्रन,
२३ सप्टेंबर १९८७

चि. ट्वायलास,

अ. उ. आशीर्वाद. वि. वि. आधी डोळे पूस. तुझा बाप लबाड आहे, पण वाईट नाही. तू त्याला डोळे उसने देतेस म्हणून त्याचं चाललंय. ते देणं बंद कर.

रविवारच्या आधी, मालगाडीवर असताना कर. सकाळी खिंडीच्या चढावरचा सांधा स्वतः तपासून त्याला कुलूप घाल. माल घेऊन वर जाताना डावं वळण आलं की ओरडू नकोस. अवाक्षर काढू नकोस. हात तेवढा ब्रेकवर असू दे. खूण कळली नाही तर गाडी थांबवायची, हे आमच्या बाबांनी त्याच्या हाडात भरलंय.

आणि तो थांबलाच नाही, तर तू थांबव आणि तशीच ऑफिसात जा. आत्याने सांगितलं म्हण. त्याच्या शिव्या मी खाईन, मला सवय आहे.

जेवत जा वेळेवर. आत्याचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझी,
ऑर्फाआत्या

स्प्रूस गॅप,
५ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुम्हा दोघींचा कट मला कळला आहे. ट्वायलाने सगळं कबूल केलं. तू शिव्यांची वाट बघत असशील, पण त्या मला सुचत नाहीत.

मंगळवारी नऊ डबे चुनखडी घेऊन खिंडीचा चढ चढत होतो. डावं वळण आलं, ट्वायला ओरडली नाही. मी घसा खाकरला, तरी नाही. मला समोर मधोमध नुसता धुक्याचा डाग दिसत होता. ताई, तो डाग उन्हाचा नव्हे, गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून आहे. हे आता सुधारणार नाही असं डॉक्टरने एप्रिलमध्ये सांगितलं होतं. मी कोणाला बोललो नाही.

मी गाडी थांबवली. त्या चढावर भरली गाडी कोणी उभी करत नाही, पुन्हा हलत नाही, डबे सोडवून थोडे थोडे वर न्यावे लागतात. गावभर हसं होतं. तरी थांबवली. ट्वायलाने हळूच विचारलं, बाबा, काय दिसतंय. मी म्हटलं, पोरी, काही नाही दिसत. तेव्हा ती म्हणाली की खूण हिरवी आहे, सकाळी तिनेच कुलूप घातलं होतं. मग आम्ही दोघंही रडलो.

मी उठलो, ती उजव्या खुर्चीत बसली. तिने रेडिओवरून मदतीला माणूस बोलावला. तो येईपर्यंत माझ्या डब्यातल्या शेंगा आणि मक्याची भाकरी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली. बुधवारी परवाना मीच ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवला. साहेबाने मला कॉफी दिली. वखारीजवळच्या सांध्याचंही सांगितलं. मन हलकं झालं असं म्हणणार नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी अंथरुणातून उठलो नाही.

काल पहिली रविवारची गाडी. भट्टीवर खालच्या गावातला एक अनुभवी माणूस आणला, चालवायला ट्वायला. मी जाणार नव्हतो. तिने माझ्यासमोर तिकीट ठेवलं आणि निघून गेली, आईसारखीच हट्टी. तिसऱ्या डब्यात खिडकीशी बसलो. शेजारी पिट्सबर्गच्या एक आजी होत्या. मला दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी एकेका झाडाचा रंग सांगायला घेतला. माझं लक्ष कुठे तिकडे! आता वाफ जास्त सोडली, आता ब्रेकची घाई केली, असं मनात चालू होतं आणि पाय खालच्या फळ्या दाबत होते. चढ लागला तेव्हा मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली.

पुढचं लिहायला लाज वाटते. आजी माझा खांदा हलवत होत्या, माथा आला, उठा म्हणून. ताई, त्या चढावर मी एकेचाळीस वर्षं पापणी लवू दिली नव्हती. आणि काल लेकीने गाडी वर नेली, तेव्हा तो अख्खा चढ मी घोरत काढला.

तुझा,
डॉर्सी