वरच्या खोलीतला खासदार

प्रिय दादा,

मंत्री झाल्यापासून तुझा फोन सचिवच उचलतो, म्हणून लिहायला बसले. आईचे गुडघे दुखतात, तरी तुझ्या नव्या बंगल्याचं कौतुक ती शेजारणींना ऐकवतेच. मी मान खाली घालून शिलाई मशीन चालवत राहते.

पहिल्यांदा आमदारकीला उभा होतास तेव्हा माझ्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून तू बायकांना समजावायचास. देशाच्या वरच्या सभागृहात मोठ्या राज्यांचे वीस-वीस खासदार, आपल्या एवढ्याशा राज्याचा एकुलता एक, आणि तो निवडतात आमदार. "तो एक माणूस आपला नसेल, तर राजधानीत आपलं राज्य मुकं," म्हणायचास. त्या एका वाक्यावर मी घरोघरी मतं मागितली रे. ती जागा वकीलमावशींना द्यायची, असा शब्दही तू माझ्यासमोर दिलास. इथल्या रेल्वे वॅगन कारखान्याच्या कामगारांसाठी त्यांनी उभी हयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. राजधानीत घालायला म्हणून त्यांनी माझ्याकडे नवा कोट शिवायला टाकला. तो अजून इथेच टांगलाय.

तू आणि तुझ्या गटानं मत दिलंत ते राजधानीतल्या जहाजवाल्या शेठला. पक्षाचा आदेश, म्हणालास. मी तेही गिळलं. शेठ पहिल्या भाषणात स्वतःच्या बंदराबद्दल बोलला. कारखाना दुसऱ्या राज्यात हलवायचा विषय निघाला त्या दिवशी तो सभागृहात फिरकलाच नाही. आपल्या गल्लीतले निम्मे पुरुष आता सामान बांधतायत.

मागच्या आठवड्यात निवडणूक कार्यालयाचे दोन अधिकारी घरी आले. शेठ कुठे राहतात, विचारू लागले. घर चुकलं असेल म्हणून मी हसले. त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, राज्याचा रहिवासीच या जागेला उभा राहू शकतो. शेठजींचा पत्ता हाच आहे, वरची खोली. तुमच्या भावानंच तसं सांगितलंय." दादा, ज्या खोलीत बाबांनी शेवटचं वर्ष खोकत काढलं, ती खोली! वर बाबांची खाट, माझे गठ्ठे आणि बोटभर धूळ. त्यांना म्हटलं, भावाला विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी तुझ्या सचिवाचा निरोप आला. शेठजी येऊन-जाऊन असतात, एवढंच मी म्हणायचं. तू स्वतः फोन करून खोटं बोलायला सांगितलं असतंस, तर कदाचित इतकं लागलं नसतं.

वकीलमावशींनी शेठच्या निवडीला हरकत घेतली आहे. सोमवारी सुनावणीत मला विचारतील, तेव्हा मी सांगणार आहे की बाबा गेल्यावर त्या खोलीत कुणीही राहिलेलं नाही. शेठची जागा जाईल, बहुतेक तुझं मंत्रिपदही. आईला आज सांगितलं. ती म्हणाली, "त्याला आधी कळव. परक्याच्या तोंडून कळायला नको." म्हणून हे पत्र.

तुझीच,
धाकटी